ताप उतरल्यावरही वास, आकार आणि स्पर्श बदललेले का राहतात?

मराठवाड्यात पावसाळा सरत आला की घरोघर तापाचे रुग्ण दिसू लागतात. डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉइड आणि नाव न कळलेले कितीतरी विषाणुजन्य ताप याच दिवसांत येतात. रुग्ण बरा झाला की नाही हे ओळखण्याची आपली रीतही ठरलेली आहे. ताप उतरला, प्लेटलेट वाढल्या, चार घास जाऊ लागले, की माणूस बरा झाला असे आपण धरून चालतो. काही तक्रारी मात्र नेमक्या यानंतर सुरू होतात. करोनातून उठलेल्या एखाद्या बाईला लसणाच्या फोडणीचा वास कुजक्या मांसासारखा येऊ लागतो. तापातून उठलेले सहा-सात वर्षांचे मूल आईकडे टक लावून पाहते आणि विचारते, "माय, तू एवढी बारकी का दिसायलीस?" नागिणीचे फोड सुकून महिने लोटले तरी एखाद्या आजोबांना अंगावर सदरा सहन होत नाही.

घरच्यांना हे ऐकून कधी नखरा वाटतो, कधी वेड वाटते, तर कधी बाहेरची बाधा. माझे म्हणणे असे आहे की या तक्रारी खऱ्या असतात आणि त्यांना शरीरात एक निश्चित जागा असते. ती जागा कोणती हे समजले, तर किती काळजी करायची आणि दवाखाना कधी गाठायचा हेही बऱ्याच अंशी समजते.

डोळे, नाक आणि त्वचा आपल्याला जग जसेच्या तसे दाखवतात असे आपण गृहीत धरतो, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. इंद्रिय फक्त कच्ची माहिती गोळा करते, मज्जातंतू ती पुढे नेतो आणि तिच्यातून आकार, अंतर, वास किंवा वेदना यांचा बोध मेंदू घडवतो. संसर्ग या तिन्हीपैकी कोणत्याही ठिकाणी बिघाड करू शकतो. कधी जंतू स्वतः पेशींना इजा करतो, कधी जंतूशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती चुकीच्या ठिकाणी हल्ला करते, तर कधी तीव्र ताप, शरीरातले कमी झालेले पाणी आणि रक्तातले घसरलेले सोडियम यांमुळे मेंदूचे कामकाज विस्कळीत होते. शिवाय असलेली गोष्ट वेगळी जाणवणे आणि मुळात नसलेली गोष्ट जाणवणे हे दोन निरनिराळे प्रकार आहेत. रुग्णाला जे जाणवते ते खरे नाही हे त्याचे त्याला कळते आहे का, हा प्रश्न तर कोणत्याही तपासणीआधी घरच्यांनीही विचारावा असा आहे, कारण पुढची सगळी दिशा त्यावर ठरते.

वासापासून सुरुवात करू, कारण करोनानंतर हा बिघाड आपल्यापैकी अनेकांनी स्वतः अनुभवला. करोना विषाणूला पेशीत शिरण्यासाठी एसीई-२ नावाचे प्रथिन लागते. २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की नाकाच्या वरच्या भागात वास टिपणाऱ्या ज्या चेतापेशी असतात, त्यांच्यावर हे प्रथिन जवळजवळ नसतेच. ते असते त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर. म्हणजे विषाणू आधारपेशींवर हल्ला करतो आणि त्यांच्या आश्रयाने काम करणाऱ्या चेतापेशी निकामी होतात. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला, तो आधारपेशी लवकर भरून निघाल्यामुळे. ज्यांच्या चेतापेशीही मेल्या, त्यांच्या नाकात नव्या चेतापेशी तयार व्हाव्या लागतात आणि त्यांचे धागे मेंदूतल्या नेमक्या ठिकाणी जाऊन जुळावे लागतात. शरीरातल्या फार थोड्या चेतापेशी अशा पुन्हा उगवतात, आणि नाकातल्या या त्यांपैकी आहेत.

अडचण या जुळणीत होते. माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे वासाचे रेणू पकडणारी प्रथिने, असतात. त्यांची जनुके आणि वास ओळखण्याची व्यवस्था उलगडल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकेका वासासाठी एकेक ग्राहक अशी सोय निसर्गाने केलेली नाही. अनेक ग्राहक एकाच वेळी कमीअधिक जागे होतात आणि त्या एकत्रित नमुन्यावरून मेंदू वास ओळखतो. भजनी मंडळाच्या पेटीतल्या काही पट्ट्या मुक्या झाल्या आणि काही भलत्याच सुरात वाजू लागल्या, तर रोजचा अभंगही ओळखू येणार नाही, तसेच काहीसे येथे घडते. नमुना अर्धवट किंवा उलटसुलट पोहोचतो आणि मेंदू त्याचा अर्थ बहुधा जळके, कुजलेले, घाण असा लावतो. या अवस्थेला पॅरोस्मिया म्हणतात. तो आजार सुरू असताना सहसा होत नाही. वास परत येऊ लागल्यावर, काही आठवड्यांनी किंवा दोन-तीन महिन्यांनी सुरू होतो. त्यामुळे बरे होता होता हे नवे काय उद्भवले, अशी रुग्णाची घबराट होते. खरे तर ते नव्या चेतापेशी वाढत असल्याचे लक्षण असते.

सगळेच वास बिघडत नाहीत. कॉफी, कांदा, लसूण, अंडी, तळलेले किंवा भाजलेले मांस, टूथपेस्ट ही नावे जगभरच्या रुग्णांच्या तक्रारींत पुन्हा पुन्हा येतात. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफीच्या वासातले रेणू वेगळे करून रुग्णांना हुंगायला दिले. तेव्हा अगदी अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवणारे काही गंधकयुक्त रेणू मुख्य दोषी असल्याचे दिसले. असे रेणू भाजण्यातून आणि परतण्यातून तयार होतात, आणि कांदा-लसणाचा उग्रपणाही गंधकयुक्त रेणूंचाच असतो. आता आपले स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. खमंग भाजलेला काळा मसाला, येसराची आमटी, तव्यावर परतलेल्या मिरचीचा ठेचा, लसणाची चरचरीत फोडणी: आपल्या जेवणाची जी ओळख, तीच या रुग्णाला नकोशी होते. दोन्ही वेळचा स्वयंपाक जिच्यावर आहे अशा बाईला चुलीसमोर मळमळते, ती उपाशी राहते, तिचे वजन घटते, आणि एवढे होऊन 'कामाचा कंटाळा आला' असा बोल तिलाच लागतो. हे फार अन्यायाचे आहे. पुरुषाची चव गेली तर घर हळहळते. बाईचा वास बिघडला तर तिच्या वागण्यावर संशय घेतला जातो.

अशा काळात फोडणीविना वरणभात, दहीभात, उकडलेल्या भाज्या, फळे असे कमी भाजलेले पदार्थ कोमट किंवा गार करून खाल्ले तर पोटात अन्न टिकते, कारण गरम अन्नाचा वास अधिक पसरतो. वासाचा सराव हा उपाय जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद, मन लावून, निदान १२ आठवडे हुंगायचे. या चारही गोष्टी आपल्याकडे तालुक्याच्या बाजारात मिळतात आणि त्यांना खर्चही फारसा येत नाही. सुधारणा सावकाश होते आणि ती सर्वांना सारखी होत नाही, पण अपाय काही नाही. दुकानातून आणून स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत. या तक्रारीवर त्यांचा खात्रीचा उपयोग दिसलेला नाही आणि मधुमेहींना त्या घातक ठरू शकतात. आणखी एक गोष्ट घरात सर्वांनी लक्षात ठेवावी. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, आणि ज्याचा वास गेला आहे त्याला तो येत नाही.

मुलाच्या त्या प्रश्नाकडे आता वळू. दहा फुटांवर उभी असलेली आई वीस फुटांवर गेली की डोळ्याच्या पडद्यावरची तिची प्रतिमा निम्मी होते, तरी ती लहान झाली असे आपल्याला वाटत नाही. मेंदू अंतराचा अंदाज घेऊन आकार सतत दुरुस्त करत असतो आणि हे आपल्या नकळत घडते. मेंदूच्या मागच्या आणि बाजूच्या भागांत, जिथे दृष्टी, स्पर्श आणि स्वतःच्या शरीराचे भान यांची सांगड घातली जाते, तिथले काम काही काळ विस्कळीत झाले तर ही दुरुस्ती चुकते. मग समोरचा माणूस एकाएकी बाहुलीएवढा दिसतो, भिंत अंगावर येते किंवा दूर सरकते, स्वतःचा हात प्रचंड मोठा झाल्यासारखा वाटतो, काहींना वेळही फार भरभर किंवा फार सावकाश सरकतो असे जाणवते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन टॉड यांनी १९५५ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन करून या अवस्थेला ॲलिस इन वंडरलँड सिंड्रोम असे नाव दिले. मोठ्यांमध्ये ती बहुधा अर्धशिशीबरोबर दिसते. लहान मुलांमध्ये मात्र संसर्ग हे प्रमुख कारण असते आणि त्यातही एपस्टाइन-बार या विषाणूचे नाव सर्वांत जास्त वेळा येते. फ्लू आणि कांजिण्यांनंतरही असे झाल्याच्या नोंदी आहेत.

हे झटके बहुधा काही मिनिटांचे असतात, दिवसातून अनेकदा येऊ शकतात आणि संध्याकाळी किंवा झोपेच्या वेळी जास्त जाणवतात. मूल शुद्धीवर असते, बोलते आणि 'असे दिसते आहे पण तसे नाही' हे पुष्कळदा त्याला कळतही असते. बहुतेक मुलांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ही तक्रार आपोआप थांबते. तरीही डॉक्टरांना दाखवावे, कारण क्वचित अपस्मार किंवा मेंदूची सूज यांतूनही असा भास होतो आणि तो फरक घरी करता येत नाही. मुलाला रागावू नये. 'खोटं बोलू नको' असे एकदा ऐकलेले मूल पुढच्या वेळी सांगतच नाही, आणि सांगणारे मूल हाच या निदानातला सर्वांत मोठा पुरावा असतो.

दृष्टीची प्रत्येक तक्रार मेंदूची नसते. डेंग्यूत ताप सुरू झाल्यानंतर साधारण आठवड्याने, प्लेटलेट सर्वांत खाली असताना, काही रुग्णांच्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी सूज किंवा रक्तस्राव होतो आणि नजरेच्या मधोमध धूसर डाग दिसू लागतो. चिकुनगुन्यात ताप गेल्यावर काही आठवड्यांनी डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो: डोळा लाल होतो, उजेड खुपतो, नजर अंधुक होते. आपल्या शेजारच्या बार्शीत १९७३ मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीन दशके हा रोग दिसेनासा झाला आणि २००६ च्या देशव्यापी साथीत मराठवाड्याची गावेच्या गावे सांधे धरून बसली. हे दोन्ही रोग पसरवणारा एडिस डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. २०१६ मध्ये ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात पाणी साठवू नका असे कोणी सांगू शकत नाही. टाक्या, रांजण आणि ड्रम घट्ट झाकणे आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे करणे एवढेच हाती उरते. डाग दिसला किंवा नजर मंदावली तर चष्म्याच्या दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञाकडे जावे, कारण पडदा तपासल्याशिवाय हे कळत नाही.

नागिणीबद्दल आपल्याकडे भीती मोठी आणि माहिती थोडी. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो या समजुतीपोटी लोक ती उतरवून घेण्यात, लेप लावण्यात पहिले दिवस घालवतात आणि औषधाचा उपयोग होण्याचे तेच दिवस असतात. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर एकाच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून फोड शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठतात. ते वेटोळे पूर्ण करत नाहीत. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर आजाराचा जोर कमी होतो. इजा झालेला मज्जातंतू मात्र नंतरही चुकीचे संदेश पाठवत राहतो. धोतराची किंवा पदराची कड नुसती घासली तरी भाजल्यासारखी आग होते, पंख्याचा वारा बोचतो. स्पर्शाचे रूपांतर वेदनेत होण्याचा हा प्रकार तीन महिन्यांहून अधिक टिकला तर त्याला नागिणीनंतरची मज्जातंतूवेदना म्हणतात. साध्या वेदनाशामकांनी ती फारशी शमत नाही, मज्जातंतूंवर काम करणारी वेगळी औषधे लागतात, आणि ती मिळतात. पन्नाशीनंतर घेण्याची लसही आता उपलब्ध आहे, मात्र ती महाग आहे.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, मराठवाड्यातल्या अनेक घरांना ग्रासले. मधुमेह आणि स्टिरॉइड यांमुळे फोफावलेली ही बुरशी नाकातून डोळ्याकडे आणि पुढे मेंदूकडे सरकते, म्हणून जीव वाचवण्यासाठी काहींचा डोळा काढावा लागला. डोळा गेल्यानंतर काहींना त्याच बाजूला रंग, नक्षी, उजेड, क्वचित माणसेही दिसतात. स्वित्झर्लंडमधले निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांविषयी असेच लिहून ठेवले होते. मोतीबिंदूने दृष्टी गेलेल्या त्या शहाण्यासुरत्या वृद्धाला माणसे आणि पक्षी दिसत, आणि ते खरे नाहीत हे त्यांना ठाऊक असे. डोळ्याकडून माहिती येणे थांबले की मेंदूचा दृष्टीचा भाग स्वतःहून चित्रे निर्माण करू लागतो. वेडाशी याचा संबंध नाही. पण लोक आपल्याला वेडे ठरवतील या धास्तीने रुग्ण ते कोणाला सांगत नाही, आणि एका डोळ्याच्या दुःखावर हा एकांत वाढतो.

आतापर्यंतच्या सर्व रुग्णांना आपल्याला काय होते आहे याचे भान आहे. ते भान सुटले तर परिस्थिती बदलते. ताप असताना किंवा तो नुकताच गेला असताना माणूस असंबद्ध बोलू लागला, घरच्यांना ओळखेना, सतत झोपेत जाऊ लागला, झटके आले, मान ताठली, डोके असह्य दुखू लागले, तर तो मेंदूज्वर किंवा मेंदूच्या आवरणाचा दाह असू शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी जे जवळ असेल ते गाठावे. हर्पीस विषाणूने झालेल्या मेंदूज्वरातून सावरणाऱ्या काही रुग्णांत काही आठवड्यांनी वेगळीच लक्षणे उफाळतात: भास, संशय, वागण्यातला टोकाचा बदल, लहान मुलांत हातापायांच्या विचित्र हालचाली. येथे विषाणू परतलेला नसतो, तर शरीराने मेंदूतल्या एनएमडीए ग्राहकांविरुद्ध, म्हणजे चेतापेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनांविरुद्ध, प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार केलेली असतात. जोसेप डालमाऊ यांनी २००७ मध्ये या प्रतिपिंडांचा शोध लावला, त्याआधी असे कितीतरी रुग्ण केवळ मनोरुग्ण मानले गेले असतील. वेळेवर ओळखले तर यावर चांगले उपचार आहेत.

अशाच अवस्थेतल्या माणसाला आपल्या भागात आजही भानामती किंवा लागीर समजून मिरच्यांची धुरी देतात, बांधून मारतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा ठरवला आहे आणि त्याला सहा महिने ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे. सुजलेल्या मेंदूच्या रुग्णाला धुरीत कोंडण्यात गेलेला एक दिवसही त्याच्या जिवावर बेतू शकतो.

सर्वांत अधिक आढळणारा प्रकार मात्र वृद्धांचा आहे. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग किंवा साधा ताप यांनीही सत्तरीच्या माणसाला संभ्रमावस्था येते, जिला आपण 'वात झाला' म्हणतो. दिवसा बरे बोलणारे आजोबा रात्री भिंतीवर किडे पाहतात, वारलेल्या भावाला हाका मारतात, अंथरूण चाचपडत राहतात, आणि सकाळी पुन्हा ठीक असतात. हा चढउतार हीच या अवस्थेची खूण आहे. काही जण उलट गप्प आणि सुस्त होतात. 'शांत पडून आहेत' असे म्हणून आपण निर्धास्त होतो आणि निदान हुकते. मूळ संसर्गावर उपचार, पाणी आणि क्षारांची भरपाई, नवी सुरू केलेली औषधे तपासणे हे डॉक्टरांचे काम झाले. घरच्यांचे कामही तेवढेच मोलाचे असते. रुग्णाचा चष्मा आणि श्रवणयंत्र दवाखान्यात सोबत न्यावे, कारण धूसर दिसणे आणि नीट न ऐकू येणे यांतून भास वाढतात. दिवसा खिडकी उघडी ठेवावी, रात्री दिवा मंद करून झोपू द्यावे, सारखी माणसे बदलू नयेत, आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत हे शांतपणे सांगत राहावे. दिसणाऱ्या किड्यांवरून वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. 'मला दिसत नाही, पण मी इथेच बसलो आहे' एवढे पुरते.

बरे होऊन घरी आल्यावरही काहींना ते भास लख्ख आठवतात. डॉक्टर आपल्याला मारायला टपले होते, पलंगाखाली पाणी भरले होते, अशा आठवणी ते मनात ठेवतात आणि लाजेने बोलत नाहीत. काही देशांतल्या अतिदक्षता विभागांत नातेवाईक आणि परिचारिका यासाठी रोजची वही लिहितात: आज ताप किती होता, नळी कधी घातली, कोण भेटून गेले, रुग्ण काय बोलत होता. अशी वही आपल्याकडेही कोणालाही लिहिता येईल. रुग्ण सावरला आणि त्याने विचारले, की ती त्याच्यासोबत बसून वाचावी आणि कोणत्या दिवशी खरोखर काय घडले हे त्याला सांगावे.